ख्रिस्ती विद्यापीठाच्या होस्टेलमधली माझी दोन वर्षं

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मी सॉफ्टवेअरवाला माणूस, धर्माचा अभ्यासक नाही. ते म्हणाले, अभ्यासक पुष्कळ येऊन गेलेत, तुम्ही तिथं राहिलात तेवढं सांगा. म्हणून तेवढंच सांगणार आहे. शेवटी थोडं इथलंही सांगेन, कारण ते सांगितल्याशिवाय तिथलं सांगण्यात अर्थ नाही.

ऑगस्ट 2021 ते मे 2023 अशी दोन वर्षं मी अमेरिकेत एमएस केलं. विद्यापीठ कॅथलिक. आणि मी बाहेर भाड्यानं न राहता कॅम्पसवरच्या होस्टेलमध्ये राहिलो. परत आल्यावर मला दोन प्रश्न हमखास विचारले गेले. मोहल्ल्यातल्या खाला विचारायच्या, "बेटा, उनो तुझे कुछ पढ़ने लगाए क्या?" आणि पुण्याच्या ऑफिसात एकानं विचारलं, "तिकडं त्रास नाही ना झाला? म्हणजे, तुम्हा लोकांना?" खालांना मी सांगितलं, नाही. ऑफिसातल्या मित्राला काय सांगावं कळेना. कारण अमेरिकेला जायच्या आधी याच पुण्यात मी एका वर्षात तीन खोल्या बदलल्या होत्या. एजंट फोनवर सगळं ठरवायचा, भाडं, डिपॉझिट, पार्किंग. मग नाव विचारायचा. मग "ओनरशी बोलून सांगतो" म्हणायचा. तुमच्यापैकी किती जणांना हे वाक्य पाठ आहे? हात वर करू नका, मला दिसतंय.

तर कॅम्पसवर राहायचं कारण साधं होतं, पैसे. तिथं विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. मी होस्टेलमध्येच काम धरलं. रेसिडेंट असिस्टंट. आपल्याकडच्या भाषेत अर्धा रेक्टर. बदल्यात खोली आणि जेवण फुकट. तीनशेच्या आसपास मुलं, बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची, बहुतेक कॅथलिक घरांतली, आणि त्यांच्या एका मजल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातला मी.

अब्बांना काळजी वाटत होती. दादांना, म्हणजे माझ्या आजोबांना, अजिबात नाही. ते शिकायला कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगात होते. शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम समाजातल्या लोकांना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले, ते हे बोर्डिंग. दादांचं म्हणणं, "एका मराठा राजानं आम्हाला छप्पर दिलं. तुला पाद्री देतोय. राहून बघ."

पहिल्या रात्रीची गोष्ट सांगतो. खोलीत गेलो, दिवा लावला, तर पलंगाच्या डोक्यावर क्रूस. लाकडाचा, वीतभर. वर्गांत असतो हे माहीत होतं. खोलीत असेल असं डोक्यात आलं नव्हतं. टेबलावर एक छापील कागद होता, खोलीतल्या सामानाची यादी. तपासून सही करायची. पलंग एक, गादी एक, खुर्ची एक, कपाट एक, क्रूस एक.

मी सही केली नाही. झोपही नीट लागली नाही. काढून ड्रॉवरमध्ये ठेवावा तर कुणाला दिसलं तर काय म्हणेल. तसाच ठेवावा तर नमाज कुठं पढायची. किब्ला नेमका खिडकीकडं येत होता, क्रूस पाठीमागं. म्हणजे तशी अडचण काहीच नव्हती. पण मन मानत नव्हतं. सकाळी त्या इमारतीत राहणाऱ्या फादरांकडं गेलो. तिथं तशी पद्धत आहे, एक फादर मुलांसोबत त्याच इमारतीत राहतात. सत्तरीचे असतील. मी इंजिनिअरिंगच्या मुलाखतीत बोलतात तसं घोटवून वाक्य तयार केलं होतं. त्यांनी मधेच थांबवलं आणि विचारलं, "तुला तो नकोय का?"

मी हो म्हणालो.

ते म्हणाले, वर्गातला आणि व्हरांड्यातला क्रूस तुझ्यासाठी निघणार नाही, ते आमचं घर आहे. खोली तुझी आहे. पण ड्रॉवरमध्ये मोज्यांखाली ठेवू नकोस, माझ्याकडं आणून दे. मी नेऊन दिला. त्यांनी तो ओठांना लावला, कपाटात ठेवला, आणि माझ्या यादीत "क्रूस एक" समोर लिहिलं, कार्यालयात जमा. दोन वर्षांनी खोली सोडताना तीच यादी पुन्हा तपासली गेली आणि क्रूस पुन्हा त्याच खिळ्याला लागला, पुढच्या मुलासाठी.

या गोष्टीवर मी खूप विचार केला आहे. पुण्यातल्या घरमालकांनी मला कधीच सांगितलं नाही की नियम काय आहे. नियम होता, पण तो कुठंही लिहिलेला नव्हता, म्हणून त्याच्याशी बोलताही येत नव्हतं. इथं पहिल्या दिवशी भिंतीवर लटकलेला होता. खिळ्यासकट. आणि त्याबद्दल बोलायला एक माणूस नेमलेला होता, ज्याचं ते कामच होतं.

आता वुजूचं. हसू नका. होस्टेलमध्ये बेसिन सामायिक. एका रांगेत आठ. पहाटे मी एक पाय बेसिनमध्ये घालून उभा, आणि शेजारी दात घासणारा टेक्सासचा मुलगा आरशात माझ्या पायाकडं बघतोय. तो काही बोलला नाही. बहुधा भारतात सगळेच असं करतात अशी त्याची समजूत झाली. आठवड्याभरात सफाईवाल्या बाईंनी फरशीवरच्या पाण्याबद्दल तक्रार केली, आणि ती तक्रार नियमाप्रमाणे माझ्याकडेच आली, कारण मजल्याचा असिस्टंट मी. मग दुकानातून एक प्लॅस्टिकचा जग आणला आणि शॉवरमध्ये जाऊन वुजू करायला लागलो. थंडीत मोज्यांवर मसह करायला लागलो. या सोयी आपल्याच फिकहात आहेत, घरी असताना कधी गरज पडली नव्हती एवढंच.

खाण्याचं थोडं अवघड गेलं. तिथं कॅम्पसवर राहणाऱ्याला मेसचा प्लॅन घ्यावाच लागतो. मेस मोठी, पण हलाल म्हणून एका काउंटरवर आठवड्यातून दोनदा चिकन. उरलेले दिवस अंडी, मासे, डाळीचं सूप, आणि पिझ्झा, त्यावरचे गोल लाल तुकडे पोर्कचे आहेत का ते विचारून. एकदा मजल्यावरच्या हैदराबादी मुलानं सामायिक किचनमध्ये फोडणी दिली. लसूण आणि लाल मिरची. धुराचा अलार्म वाजला, रात्री अकराला उणे दहा तापमानात सगळी इमारत रस्त्यावर, अग्निशमनची गाडी हजर. नियमाप्रमाणे अहवाल मी लिहिला. कारण या रकान्यात "मोहरी" लिहिलं.

2022 मध्ये रमजान 2 एप्रिलला सुरू झाला. त्याच वेळी त्यांचा उपवासकाळ चालू होता, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा. 17 एप्रिलला ईस्टर. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे दोन्ही एकत्र. शुक्रवारी ते मांस खात नाहीत, मेसमध्ये मासे. माझ्या मजल्यावरचा एक मुलगा चाळीस दिवसांसाठी साखर सोडून बसला होता, दुसऱ्यानं मोबाइलवरचा गेम सोडला होता. ते मला विचारायचे, पाणीसुद्धा नाही? मी म्हणायचो, पाणीसुद्धा नाही. साखर सोडलेल्याला फार वाईट वाटायचं, माझ्यासाठी की स्वतःसाठी ते कळलं नाही. घरी आपण रोजा ठेवतो तेव्हा सगळं घर ठेवतं, म्हणून रोजा कळत नाही. तिथं मी एकटा होतो आणि तरी एकटा नव्हतो, कारण इमारतीत आणखी काही जण काहीतरी सोडून बसले होते आणि त्याची चेष्टा कुणी करत नव्हतं.

पण मेस साडेसातला बंद व्हायची आणि मगरिब आठला. सगळं छान होतं असं सांगायला मी इथं आलेलो नाही. मी मेसच्या व्यवस्थापकाला मेल केला, डबा भरून न्यायची परवानगी द्या. उत्तर आलं, अन्न बाहेर नेता येत नाही, सर्वांना एकच नियम. पुन्हा मेल केला. पुन्हा तेच उत्तर, फक्त खाली सही वेगळी. पहिला रमजान मी खजूर, ब्रेड आणि शेंगदाण्याच्या बटरवर काढला, पैसे भरलेल्या मेसच्या दारावरून रोज जात. सर्वांना एकच नियम, हे वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं. त्या नियमात सूर्य साडेसातच्या आत मावळतो असं गृहीत धरलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही सहा मुस्लिम विद्यार्थी एकत्र गेलो. दोन सौदी, एक नायजेरियाचा, एक बोस्नियन आईबापांची अमेरिकेत जन्मलेली मुलगी, तो हैदराबादी आणि मी. फादरांना सोबत घेतलं. त्या मुलीनं एक पानाचा अर्ज लिहिला. त्यात दयेची भाषा नव्हती. किती जेवणांचे पैसे भरलेत, किती घेता येत नाहीत, डब्याला किती खर्च येईल. डबे मिळाले. पण रमजान निम्मा झाल्यावर. माझ्या पहिल्या वर्षीच्या मेलमध्ये "कृपया" किती वेळा आलंय ते मी नंतर मोजलं. सात.

आता अर्ध्या रेक्टरचं. हे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं.

त्या होस्टेलात नियम असा की मुलांच्या इमारतीत मुलींनी आठवड्याच्या दिवशी रात्री बारानंतर थांबायचं नाही, आणि उलटही. हा त्यांच्या धर्मातून आलेला नियम. तो पाळून घ्यायचा कुणी? मी. म्हणजे कॅथलिक मुलांकडून कॅथलिक नीती पाळून घ्यायला एक मुसलमान, हातात टॉर्च घेऊन. मुलांना यात फार गंमत वाटायची. एकदा आपल्याच धर्माचा एक मुलगा सापडला, पाहुणी दीड वाजता खोलीत. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, भाई, आपण भाऊ आहोत, लिहू नकोस. मी लिहिलं. त्यानं पुढं महिनाभर सलामाचं उत्तर दिलं नाही. मी त्याला वाचवायला हवं होतं का, असा विचार तेव्हा आला होता. पण आदल्या आठवड्यात मी शिकागोच्या एका कॅथलिक मुलाचं नाव लिहिलं होतं. मग त्याला काय सांगितलं असतं?

आणि एक मेल आला. माझ्या मजल्यावरच्या एका मुलाच्या पालकांचा. आम्ही मुलाला कॅथलिक विद्यापीठात पाठवलं ते त्याच्यावर देखरेख ठेवायला मुसलमान असावा म्हणून नाही, अशा अर्थाचं. होस्टेलच्या मुख्य बाईंनी मला बोलावून तो दाखवला. लपवला नाही, हे मला आवडलं. वाचताना कान तापले. त्यांनी काय उत्तर दिलं तेही दाखवलं. तीन ओळी. या विद्यापीठात काम करणाऱ्यानं आमची ओळख मान्य करावी एवढी आमची अट आहे, आमचा धर्म मान्य करावा ही नाही. तुमच्या मुलाला मजला बदलून मिळणार नाही. मुलाला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं बहुधा. तो माझ्याकडून डेटा स्ट्रक्चर्स शिकायला यायचा.

बाईंनी हे मनानं लिहिलं नव्हतं, ते नंतर कळलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1990 मध्ये कॅथलिक विद्यापीठांसाठी एक घटनाच दिली आहे, 'एक्स कॉर्दे एक्लेसिए'. तिच्यात दोन्ही बाजू आहेत. तिथं शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या इतरांनी विद्यापीठाची कॅथलिक ओळख मानावी आणि जपावी, आणि प्रत्येकाच्या विवेकाचं स्वातंत्र्य विद्यापीठानं जपावं. त्याच्याही आधी, 28 ऑक्टोबर 1965 ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 'नोस्त्रा एताते' या जाहीरनाम्यात मुसलमानांविषयी आदर असल्याचं अधिकृतपणे म्हटलं. त्याआधीची कित्येक शतकं तसं नव्हतं, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणजे माझ्या क्रूसाचा निर्णय त्या म्हाताऱ्या फादरांच्या चांगुलपणावर थोडा अवलंबून होता, पण त्यांच्या मागं कागद होता. चांगला माणूस बदलून गेला तरी कागद राहतो.

तुमच्यातले काही जण बाहेर शिकायला जायच्या तयारीत आहेत, म्हणून थोडं कायद्याचं. सगळी ख्रिस्ती विद्यापीठं एकसारखी नसतात. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यात सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना भेदभाव करायला मनाई आहे, पण ती वंश, रंग आणि मूळ देश यांवरून. त्या कलमात धर्म हा शब्द नाही. 1968 च्या गृहनिवासाच्या कायद्यात धर्म आहे, पण धार्मिक संस्थांना त्यांच्या घरांत आपल्या धर्माच्या लोकांना प्राधान्य द्यायची सूट आहे. त्यामुळं एखादी संस्था धार्मिक करारावर सही मागू शकते, आणि मागतात. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात, ते इव्हँजेलिकल पंथाचं, लॅरिशिया हॉकिन्स नावाच्या प्राध्यापिकेनं डिसेंबर 2015 मध्ये मुसलमानांना पाठिंबा म्हणून हिजाब घातला आणि ख्रिस्ती व मुसलमान एकाच ईश्वराची उपासना करतात असं लिहिलं. कॉलेजनं त्यांना रजेवर पाठवलं, हिजाबासाठी नव्हे, त्या विधानासाठी, असं कॉलेजचं म्हणणं. फेब्रुवारी 2016 मध्ये दोघांनी फारकत घेतली. तर दुसऱ्या टोकाला जॉर्जटाउन. 1789 मध्ये स्थापन झालेलं जेझुइट विद्यापीठ. तिथं 1999 पासून पूर्णवेळ इमाम आहेत, आणि 2023 मध्ये कॅम्पसवर मशीद उभी राहिली. तिला नाव दिलंय यारो मामूत यांचं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हा मुसलमान 1796 मध्ये मुक्त झाला आणि त्यानं त्याच जॉर्जटाउन गावात स्वतःचं घर घेतलं. म्हणून अर्ज करायच्या आधी होस्टेलची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा. रँकिंग नंतर बघा.

आणखी एक प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. वॉशिंग्टनमधल्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकाविरुद्ध 2011 मध्ये शहराच्या मानवी हक्क कार्यालयात तक्रार झाली. मुस्लिम विद्यार्थ्यांना नमाजासाठी वेगळी खोली नाही, क्रूसांखाली नमाज पढावी लागते, हा भेदभाव आहे. तक्रार केली शेजारच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक जॉन बॅन्झहाफ यांनी. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सांगितलं की त्यांच्याकडं एकाही मुस्लिम विद्यार्थ्याची तक्रार आलेली नाही. उलट काही वर्षांत तिथली मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या दुपटीच्या वर गेली होती. त्याच वर्षी त्या विद्यापीठानं मुलामुलींची होस्टेलं पुन्हा वेगळी करायचं ठरवलं, त्यावरही याच प्राध्यापकांनी तक्रार केली आणि ती फेटाळली गेली. मला त्या प्राध्यापकांच्या हेतूवर बोलायचं नाही. पण आपल्या वतीनं दुसरा कुणी चिडतो तेव्हा आपल्याला नेमकं काय हवंय हे कुणी विचारत नाही. मला क्रूस नसलेली खोली हवी होती, ती एका वाक्यात मिळाली. डबा हवा होता, त्यासाठी वर्ष लागलं. बाहेरून बघणाऱ्याला डबा दिसला नसता, क्रूस दिसला असता.

आता इथलं.

मी परत आलो त्या वर्षी आमच्या भागातल्या एका मुस्लिम ट्रस्टनं मला सल्लागार म्हणून घेतलं. नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत. त्यांचं मुलांचं होस्टेल आहे. गावाकडून तालुक्याला शिकायला येणारी गरीब मुलं. जागा उरतात म्हणून इतर समाजाच्या मुलांनाही घेतात, फी तीच. याचा ट्रस्टला अभिमान आहे आणि तो खरा आहे. मला संगणकाची खोली लावून द्यायला बोलावलं होतं.

तिथं एका धनगर मुलानं पलंगाशेजारी बिरोबाचा छोटा फोटो लावला होता. रेक्टरनी काढायला लावला. मुलानं काढला, काही बोलला नाही. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आला नाही. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही रेक्टर सहज बोलले म्हणून. "त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. आणि खरंच म्हटलं नव्हतं. मला पुण्यातही कुणी जा म्हटलं नव्हतं.

मी त्या क्षणी काय केलं? काही नाही. चहा प्यालो. नेटवर्कची केबल कुठून न्यायची ते दाखवलं आणि घरी आलो. तीनशे कॅथलिक मुलांच्या इमारतीत मान वर करून बोलणारा मी, आपल्याच माणसांसमोर गप्प बसलो. घरी दादांना सांगितलं. दादा आता थकलेत, फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "फोटो कुठं ठेवला रेक्टरनं?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. रद्दीत गेला होता.

मग मी ट्रस्टला म्हटलं, नियमावली लिहूया. आत्तापर्यंत नियम होते, पण रेक्टरच्या डोक्यात. एक पानाची लिहिली, सहा कलमं. पहिलं, ही संस्था मुस्लिम ट्रस्टची आहे, दर्शनी भागात, हॉलमध्ये, मेसमध्ये तसं वातावरण राहील. दुसरं, पलंग आणि कपाट विद्यार्थ्याचं, तिथं तो आपल्या श्रद्धेची वस्तू ठेवू शकतो. तिसरं, तक्रार कुणाकडं करायची त्या माणसाचं नाव आणि फोन, आणि तो माणूस रेक्टर नसेल. पाचवं मेसचं, उपवासाचे दिवस आणि डबा. ते मी माझ्या अनुभवावरून जरा लांब लिहिलंय. सहावं, सगळ्यांना एकच फी.

दुसऱ्या कलमावर दोन तास गेले. सातपैकी पाच जणांनी हो म्हटलं. एक ट्रस्टी म्हणाले, आमच्या छताखाली मूर्ती कशी चालेल? मी त्यांना क्रूसाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, तुझ्या गोष्टीत तर क्रूस तू काढायला लावलास. बरोबर होतं. मी म्हटलं, माझ्या पलंगावरचा. व्हरांड्यातला नाही. ते विरोधातच राहिले, पण हसले.

खरी अडचण चौथ्या कलमावर आली. आपल्या या होस्टेलात फजरला हजेरी होते. इतर समाजाच्या मुलांना ती लागू नाही, यावर कुणाचं दुमत नव्हतं. मी लिहिलं होतं, मुस्लिम मुलांनाही नमाजची हजेरी नसावी. अजान व्हावी, जागा असावी, ज्याला यायचं त्यानं यावं. सभा बिघडली. मग आपलं होस्टेल कशाला, असा सवाल आला. मी घटनेचं अठ्ठाविसावं कलम काढलं, सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. आमचे वकील ट्रस्टी म्हणाले, होस्टेलचा ट्रस्ट वेगळा आहे, अनुदान नाही, ते कलम इथं लागू होत नाही, आणि पालक तर स्वतःच हजेरी घ्या म्हणतात. मी म्हटलं, तिथं कॅथलिक मुलांवरसुद्धा मिस्साची सक्ती नव्हती. एक बुजुर्ग लगेच म्हणाले, म्हणूनच त्यांची चर्चं ओस पडलीत.

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. रविवारी रात्री नऊला आमच्या इमारतीतल्या चॅपेलमध्ये मिस्सा व्हायची. तीनशेतून येणारी तीस-चाळीस. हाफ पँटमध्ये, ओल्या केसांनी, पण आपण होऊन. आकड्यात बघितलं तर बुजुर्ग बरोबर आहेत. आपल्या होस्टेलात फजरला शंभर टक्के हजेरी आहे.

त्या बैठकीनंतर संगणकाच्या खोलीत एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. बारावीचा, हुशार. रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणारा. त्याला कुठूनतरी चर्चा कळली होती. म्हणाला, "दादा, एक सांगू? मी बिनवुजूचाच उभा राहतो. हजेरीपुरता. घरी असताना खरी पढत होतो." मग पटकन म्हणाला, "कुणाला सांगू नका." नाव सांगितलेलं नाही, आणि आज इथं तो नाही.

ही गोष्ट मी ट्रस्टला अजून सांगितलेली नाही. सांगितली तर ते मुलगा कोण ते शोधतील अशी भीती वाटते, आणि न सांगता चौथ्या कलमावर वाद घालायचा तर माझ्याकडं फक्त अमेरिकेच्या गोष्टी उरतात. रमजानच्या आधी पुढची बैठक आहे. तुमच्या गावात अशी होस्टेलं असतील, तुम्ही त्यांत राहिला असाल, तर जेवणानंतर मला भेटा, तुमच्याकडं काय नियम आहे ते सांगा. नियमावलीच्या प्रती मी आणल्या आहेत. पाच कलमं छापलेली आहेत. चौथं पेन्सिलनं लिहिलंय.